ओहोटीचा तास

नववीच्या वर्गाला मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर अभ्यासाला न्यायचे ठरले की शाळेत आधी बसची चौकशी होते आणि मग सगळ्यांना सोयीचा शनिवार शोधला जातो. असा शनिवार धरून गेलेला वर्ग बहुतेक वेळा कठड्याला टेकून भरतीचे पाणी बघतो, वडापाव खातो आणि परत येतो. समुद्र शनिवार पाळत नाही, तिथी पाळतो. म्हणून या उपक्रमाचे पहिले साधन म्हणजे घरोघरी भिंतीवर टांगलेले 'कालनिर्णय'.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. त्या दिवशी रात्री सव्वादोनच्या आणि दुपारी अडीचच्या सुमाराला पाणी पूर्ण भरते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास पाणी सर्वांत खाली गेलेले असते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, कारण प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू होते. मुंबई आणि जवळच्या किनाऱ्याला ही रीत चालते, अर्ध्या तासाची चूक धरावी लागते. दुसरीकडच्या बंदराला ती तशीच लावू नये.

वेळ कळली तरी पाणी किती खाली जाणार हे कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात असते, तेव्हा भांग. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी सरासरी 4.4 मीटरपर्यंत चढते आणि 0.8 मीटरपर्यंत उतरते. भांगाच्या दिवसांत ते 3.3 पर्यंतच चढते आणि 1.9 पर्यंतच उतरते. दोन ओहोट्यांमधला फरक उंचीत जेमतेम एक मीटर. पण उतरत्या सपाट खडकावर त्या एका मीटरने कितीतरी लांबीचा पट्टा उघडा पडतो, आणि नेमका तोच बघण्यासारखा असतो. अष्टमीला गेलेल्या वर्गाला तो दिसतच नाही.

ऐन पौर्णिमेला ओहोटी सकाळी साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी तितक्याच वाजता असते. शाळेच्या दृष्टीने दोन्ही वेळा अडचणीच्या. सुदैवाने सर्वांत मोठे उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे द्वितीया ते चतुर्थी या तीन तिथी शाळेला सर्वांत सोयीच्या: ओहोटी पुरेशी खोल, वेळ सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान आणि ऊन चढायच्या आत परत. तिथीवरून दिवस निवडला की भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात तो पडताळून बघायचा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, म्हणून सकाळच्या ओहोटीचा आकडा वेगळा बघावा. तो एक मीटरच्या वर असेल तर पुढचा पंधरवडा धरावा. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याची उंची मोजली जात आहे. इतकी जुनी नोंदवही जगात फार थोड्या बंदरांकडे आहे आणि ती आपल्याच मुलांना ठाऊक नसते.

हे गणित शिक्षकांनी फळ्यावर सोडवून दाखवू नये. एक तासिका त्यासाठीच ठेवावी. प्रत्येकाने घरच्या कॅलेंडरवरून पुढच्या महिन्यातले दोन दिवस आणि वेळा काढून आणाव्यात, मग वर्गात तक्ता उघडून कोणाचे किती चुकले ते बघावे. या एका तासिकेमुळे मुलांचे तिथे जाणे बदलते. किनाऱ्यावर पोचल्यावर ती घड्याळ बघत असतात, पाणी खरेच आपल्या हिशेबाप्रमाणे मागे सरकते का म्हणून.

पर्यावरणाचा विषय शाळेत सक्तीचा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये दिला. त्यानंतर पुस्तके आली, आपल्याकडे नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा श्रेणीचा विषय आला आणि त्यासोबत प्रकल्पही आले. प्रकल्प म्हणजे काय, हे शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात कळते. तिथे प्रदूषणाचे रंगीत तक्ते तयार मिळतात, कापून चिकटवले की झाले. 2020 च्या शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी. ज्या वयात मुलाला सरासरी काढता येते, आलेख मांडता येतो, 'हे असे का' म्हणून भांडता येते, त्या वयाला नेमके वर्गात बसवून ठेवले जाते. दहावीचे वर्ष पालक सोडणार नाहीत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणून हा उपक्रम नववीचा.

जागा निवडताना शिक्षकांनी एकदा तरी त्याच तिथीला, त्याच वेळी स्वतः जाऊन यावे. वांद्र्याचा किनारा, कार्टर रोड, हाजी अलीचा परिसर अशा ठिकाणी खडक आहेत. पण कोणत्या बाजूने उतरता येते, सांडपाण्याचा नाला कुठे येऊन मिळतो, भटकी कुत्री किती आहेत, हे गेल्यावरच कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, चालत पाच मिनिटांवर वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का. ही बाब परिपत्रकात नसते, पण मुलींची हजेरी तिच्यावर ठरते. जिथे ते नाही, तो किनारा कितीही सुंदर असला तरी यादीतून काढून टाकावा.

पावसाळ्यात जाऊ नये, हे सांगायला नको. खडक शेवाळलेले असतात, दुपारची भरती मोठी असते, लाटांचा भरवसा नसतो. सप्टेंबरमध्येही घाई नको. 2013 च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेकांना पाकटांनी काटा मारला होता. वाळूत गाडून बसलेल्या माशावर पाय पडला की तो काटा मारणारच. असा दंश झाल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. ऑक्टोबर ते मार्च हा खरा हंगाम.

आता पाण्याचा हिशेब, कारण पालकांच्या मनातली भीती इथेच असते आणि ती रास्त आहे. ओहोटी संपली की पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण चढापैकी एक बारांश, दुसऱ्यात दोन बारांश, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाला मुंबईत एकूण चढ साडेतीन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पहिल्या तासात पाणी सुमारे 30 सेंटीमीटर वाढते, दुसऱ्यात 60 आणि तिसऱ्यात 90. पहिला तास फसवा असतो, 'कुठे काय, अजून वेळ आहे' असे वाटायला लावणारा. त्यातून पाणी समोरूनच येते असे नाही. खडकांमधल्या घळीतून ते पाठीमागे शिरते आणि परतीची वाट आधी बुडते. नियम सोपा ठेवावा: ओहोटीच्या सव्वा तास आधी उतरायचे आणि ओहोटीनंतर अर्ध्या तासात शेवटचा मुलगा कठड्याच्या वर असला पाहिजे. ओहोटी साडेआठची असेल तर सव्वासातला खाली, नऊला वर. 'सर, अजून पाच मिनिटं' हे ऐकायचे नाही.

साठांचा वर्ग एकदम नेऊ नये. तीस मुले, पाच-पाचांचे सहा गट आणि प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस. इतके शिक्षक शाळेकडे नसतातच. जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणारी मुले-मुली आनंदाने येतात, फक्त त्यांना प्रवासखर्च आणि नाश्ता द्यावा. पायात चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट हवेत, कारण कालवांची धार पाय चिरते. टोपी, पाण्याची बाटली, साबण, प्रथमोपचाराची पेटी. मुंबईच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, तेव्हा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुणे आणि खरचटले तर जखम लगेच स्वच्छ करणे, यावर तडजोड नाही.

साधने अगदी साधी लागतात. दर मीटरला गाठ मारलेली तीस-चाळीस मीटरची दोरी. नळकामाच्या प्लास्टिक पाइपची अर्धा मीटर लांब-रुंद चौकट, तिला आडवे-उभे दोरे बांधून केलेली पंचवीस घरे. वही, शिसपेन्सिल (शाई ओली होऊन पसरते) आणि मोजपट्टी. गटात कामे वाटलेली असावीत: एकाने चौकट ठेवायची, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे, एकाने फोटो काढायचे आणि पाचव्याने फक्त पाण्यावर नजर ठेवायची. प्रत्येक थांब्यावर कामे बदलायची. पाचवे काम कोणालाच नको असते, पण ते करणारा मुलगा समुद्राबद्दल सर्वांत जास्त शिकतो.

दोरी कठड्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत ताणायची, ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची आणि तिच्यात काय आहे ते मोजायचे. अभ्यास इतकाच. मोजता येईल ते मोजायचे, आणि चिकटून पसरलेले असेल तर पंचविसांपैकी किती घरे व्यापली ते लिहायचे. नाव माहीत नसेल तर 'काळा गोल शंख, नखाएवढा' असे लिहिले तरी चालते. नावे सांगायची घाई मोठ्यांनाच असते. मोठ्याने नाव उच्चारले की मुलाचे बघणे थांबते, हा बहुतेक शिक्षकांचा अनुभव असेल.

पहिल्या थांब्यावर मुले निराश होतात. कठड्याखालचा खडक कोरडा आणि रिकामा दिसतो. गुडघे टेकून पाहिले की भेगांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे शंख दाटीवाटीने बसलेले दिसतात. इथे पाणी उधाणालाच पोचते, बाकीचे दिवस नुसते शिंतोडे. शंखाचे दार घट्ट बंद करून, आत ओल धरून हे जीव ऊन काढतात. थोडे खाली गेले की खडक पांढुरका, खरखरीत होतो. हे बार्नेकल. चुन्याचे छोटे ज्वालामुखी असावेत तसे दिसणारे हे प्राणी शिंपल्यांचे नव्हे, खेकडा-कोळंबीचे नातेवाईक आहेत. पिल्लू असताना ते पाण्यात पोहत असतात. मग जागा पसंत करून डोके खडकाला चिकटवतात, भोवती घर बांधतात आणि उरलेले आयुष्य पाण्यात पाय हलवून अन्न गोळा करण्यात घालवतात. हे ऐकल्यावर वर्गात हशा पिकतो आणि तो पिकू द्यावा.

त्याखाली कालवांचा पट्टा. एकावर एक चढलेली, कडा धारदार, काहींची वरची झाकणे गेलेली. ती कोळणींनी फोडून नेलेली असतात. आणखी खाली खडकातल्या खळग्यांत पाणी साचलेले असते आणि तिथे गटाचा वेग एकदम मंदावतो. दुसऱ्याच्या शंखात घर केलेला खेकडा, समुद्रफुले, स्पंज, हिरवे-तपकिरी शेवाळ आणि नशीब असेल तर ऑक्टोपस. काही ठिकाणी खडकावर मऊ गालिच्यासारख्या वसाहती पसरलेल्या दिसतात, त्या झोअँथिडच्या, म्हणजे समुद्रफुलांच्या भावकीतल्या. त्यांच्यातल्या काहींत जहाल विष असते, म्हणून हात लावायचा नाही. शंकूच्या आकाराचा जिवंत शंखही उचलायचा नाही. खरे तर काहीच उचलायचे नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, कारण खेकड्याला पुढचे घर त्यातूनच मिळणार असते. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात काही मिनिटांतच मरू लागतात. प्रवाळाला तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे वाघाइतकेच संरक्षण आहे. मुंबईत प्रवाळ आहे यावर मुलांचा आधी विश्वास बसत नाही. कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ-वसाहती 2020 मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या, हे सांगितले की बसतो, आणि मग त्या रस्त्याविषयीचे त्यांचे प्रश्न आपल्याला पेलावे लागतात.

वहीत आता पट्टे उतरलेले असतात: वर शंख, मग बार्नेकल, मग कालवे, मग शेवाळ आणि मऊ अंगाचे प्राणी. प्रश्न असा की बार्नेकल याच पट्ट्यात का? पहिले उत्तर नेहमी 'पाणी' असे येते आणि ते अर्धे बरोबर असते. जोसेफ कॉनेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जातींच्या बार्नेकलवर केलेले काम 1961 मध्ये प्रसिद्ध झाले. एक जात वरच्या पट्ट्यात राहायची, दुसरी खालच्या. त्याने काही दगडांवरून खालची जात खरवडून काढली, तेव्हा वरची जात खालीही मजेत वाढली. म्हणजे तिला खालची जागा मानवत नव्हती असे नाही, दुसरी जात तिला तिथे टिकू देत नव्हती. उलट खालच्या जातीला वरचे ऊन आणि कोरडेपणा सोसत नव्हता. वरची हद्द हवामान ठरवते आणि खालची हद्द शेजारी, हे सूत्र सगळीकडे जसेच्या तसे लागू पडत नाही, पण नववीच्या मुलांना वाद घालायला ते पुरते. आपल्या खडकावर कालवांची खालची हद्द कोण ठरवत असेल? इथे शिक्षकाने उत्तर देऊ नये, त्याला माहीत असले तरी.

कोळीवाडा जवळ असेल तर तासभर तिथे थांबावे. खारदांड्याच्या किंवा वरळीच्या एखाद्या जाणत्या मावशींना बोलवावे आणि महाविद्यालयातल्या वक्त्याला देतो तसे मानधन त्यांनाही पाकिटात घालून द्यावे. कोणत्या खडकावर कालवे कमी झाली, निवट्या पूर्वी कुठपर्यंत मिळायच्या, पाण्याचा वास कधीपासून बदलला, ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळायची नाही. मुलांनी प्रश्न घरून लिहून आणावेत. 'तुम्हाला समुद्र आवडतो का' असले प्रश्न आधीच गाळावेत.

कचऱ्याबद्दल एक मत मांडतो, पटले नाही तरी चालेल. अभ्यासाच्या दिवशी किनारा-सफाई करू नये. हातमोजे आणि पोती आली की फलक येतो, फलक आला की फोटो येतो, आणि चौकटी बाजूला पडतात. भरतीच्या रेषेवर अडकलेले प्लास्टिक मात्र मोजावे: पिशव्या किती, बाटल्यांची झाकणे किती, निर्माल्य किती. तीही नोंदच आहे. उचलायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी यावे.

मुंबईत यासाठी तयार आधारही आहेत. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट 2017 पासून लोकांना ओहोटीच्या फेरीला नेतो. ऐरोलीला खाडीकाठी कांदळवने आणि रोहित बघायची सोय आहे. ठाणे खाडीचा तो भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला. धारावी-माहीमच्या सीमेवरचे निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर उभे आहे. पहिल्यांदा जायला ही ठिकाणे उत्तम. पण तिथे मार्गदर्शक बोलतो आणि मुले ऐकतात. मोजण्याचे काम शाळेने स्वतःच करावे.

परत आल्यावर आठवड्याच्या आत तासिका घ्यावी, उशीर झाला की आकडे निर्जीव होतात. आडव्या अक्षावर कठड्यापासूनचे अंतर, उभ्यावर संख्या. सहा गटांचे आकडे जुळत नाहीत, आणि इथून खरा अभ्यास सुरू होतो. कोणी मेलेले बार्नेकल धरले, कोणी सोडले. कोणाची चौकट उतरत्या खडकावर होती. फोटो 'आयनॅचरलिस्ट'सारख्या संकेतस्थळावर टाकायचे तर शिक्षकाच्या एकाच खात्यावरून टाकावेत, त्यात मुलांचे चेहरे किंवा नावे नकोत. श्रेणी देताना किती नावे ओळखली ते बघू नये. ज्या वहीत 'हे मोजता आले नाही' असे प्रामाणिकपणे लिहिले आहे, तिला वरची श्रेणी द्यावी.

एक फेरी म्हणजे सहलच. त्याच दोरीवर, त्याच गाठींवर ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्च अशा तीन फेऱ्या झाल्या तर शेवाळ हिवाळ्यात कसे माजते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कसे करपते, ते आलेखात दिसते. पुढच्या वर्षीच्या नववीने तीच वही पुढे चालवली तर आणखी चांगले. पुणे-नागपूरच्या शाळांना समुद्र नाही, पण टेकडी आहे, नदी आहे, तलाव आहे. दोरी पायथ्यापासून माथ्याकडे किंवा काठापासून पाण्याकडे ताणली की बाकी रीत तीच.

मुख्याध्यापकांनी एवढेच करावे: वर्षाचे वेळापत्रक जूनमध्ये ठरते, तेव्हाच ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्चमधल्या द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी नववीच्या वर्गासाठी राखून ठेवाव्यात आणि पालकांची संमतीपत्रे सप्टेंबरमध्ये घ्यावीत. ऑक्टोबर उजाडल्यावर तिथी शोधायला बसले की सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी आडवी येते आणि पहिली फेरी बुडते.